नुसता ठराव नाही तो

अमेरिकेचे तिबेटविषयक कायदे म्हणजे नुसते ठराव, प्रत्यक्षात परिणाम शून्य, असं काही जण म्हणतात. तिबेटमध्ये प्रवेश मिळण्याबाबतच्या २०१८च्या कायद्यापुरतं तरी ते पटत नाही. त्यातलं गणित साधं आहे. कायदा झाला तेव्हा चिनी अधिकारी अमेरिकेत सहज फिरत होते, पण अमेरिकी मुत्सद्द्याला तिबेटच्या राजधानीत, ल्हासाला जायचं तर खास परवानगी लागते. मग ही अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच व्हिसा नाकारायचा. जुलै २०२०मध्ये तेव्हाचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पिओ यांनी हा कायदा वापरला, मार्च २०२५मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून मार्को रुबिओंनी. (सिनेटमध्ये हे विधेयक आणणाऱ्यांत रुबिओच पुढे होते!) खरी गोची वेगळीच आहे. नावं जाहीर होत नाहीत, त्यामुळे नेमका कुणाला चाप बसला ते कळायला मार्ग नाही. शिवाय तिबेटचं काम पाहणारी, चीनमधल्या चेंगडू शहरातली अमेरिकी वकिलात २०२०मध्येच चीनने बंद करायला लावली.