पेटी वाजवता येते, पण लहान मुलांना शिकवायची कशी?

भजनी_खानापूर:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. शेती करतो आणि गावच्या भजनी मंडळात पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बसतो. रीतसर कुणाकडं शिकलेलो नाही, थोरल्या काकांच्या शेजारी बसून बसून हातात आली. आता गल्लीतली पोरं संध्याकाळी येऊन बसायला लागलीत. आठ ते बारा वयाची, त्यातली दोघं कन्नड शाळेतली. आईबाप म्हणतात, "काका, शिकवा की यांना."

अडचण अशी की मी वाजवून दाखवतो, पोरं बोटांकडं टक लावून बघतात आणि विचारतात, "आत्ता कुठली दाबली?" नेमकं तेच मला सांगता येत नाही. हात आपला जातो. त्यात आमच्या मंडळात काळी चारच्या (सप्तकातली चौथी काळी पट्टी, तिला सा धरून) खाली कोण गातच नाही, त्यामुळं हाताला तीच पट्टी बसलेली. पेटी एकच, तीही काकांची. पोरांना पहिल्या दिवसापासून अभंग पाहिजे, एका आईला गणपतीच्या आत आरती बसवून पाहिजे. अलंकारापासून (सारेगमच्या सरावाच्या पलट्यांपासून) धरू की गाण्यापासून?

शहापूर_पेटीक्लास:
दादा, मी बेळगावात शहापूरला बरीच वर्षं लहान मुलांचे वर्ग घेते. आधी पोरांचं राहू दे, तुम्ही एक करा. उजव्या हातानं भाता मारा आणि डाव्या हातानं तुमचा रोजचा गजर वाजवून बघा. हात कुठं अडतो, पुढची पट्टी कुठं शोधावी लागते, सगळं कळेल. जिथं अडलं तिथंच पोरंही अडणार. तेवढं कागदावर उतरवून काढा, तोच तुमचा पहिल्या महिन्याचा पाठ.

दुसरं, पेटीला हात लावायच्या आधी सूर तोंडातून येऊ दे. सा धरा, सगळ्यांनी "आ" म्हणून लावायचा. ज्याचा लागत नाही त्याला ओरडून दुरुस्त करायला जाऊ नका, त्याच्या कानाजवळ हळू आवाजात सा म्हणा आणि थांबा. बहुतेक पोरं सरकत सरकत येतात सुरावर. एखाद्याचा गळा खालीच राहत असेल तर पट्टी बदला, म्हणजे सा खालच्या सुरावर घ्या. काळी चारचा हट्ट मंडळात ठेवा.

मग भाता. याच्याकडं कुणी लक्ष देत नाही आणि सगळा बेसूरपणा तिथूनच ऐकू येतो. पोरं भाता धक्के देऊन मारतात, सूर फुगतो आणि बसतो. एकच पट्टी दाबून ठेवायला सांगा, चार टाळ्या होईपर्यंत आवाज कमी-जास्त होता कामा नये. पेटी एकच असेल तर आणखी सोपं: एकानं भाता, दुसऱ्यानं पट्ट्या, बाकीच्यांनी टाळी. भांडणंही कमी होतात!

आता "कुठली दाबली" याच्यावर माझा उपाय. पांढऱ्या पट्ट्या विसरा. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या वाजवा. सा रे ग प ध, म्हणजे भूप रागच झाला की. चुकीचा सूर लागायची सोयच नाही. पोरांना पहिल्याच दिवशी वाटतं आपण काहीतरी वाजवलं. पुढं त्याच काळ्या पट्ट्या, पण सा काळी एकला नेला की दुर्गा राग. काळी पाचला नेला तर मालकंस, पण तो लगेच सांगू नका, तुमचं तुम्ही वाजवून बघा.

निपाणी_ठेका:
ताईंचं बरोबर, पण काळ्या पट्ट्यांवर फार दिवस ठेवू नका. अंगठा काळीवर चढवायची सवय लागली की पुढं ती मोडता मोडत नाही. आणि मला विचाराल तर ताल पहिला. मी तबल्याचा माणूस, म्हणणारच. पण केरवा तालाच्या आठ मात्रा हातावर मोजता येईनात आणि आरती वाजवायची म्हणजे काय? पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली (म्हणजे टाळी न देता हात बाजूला), बोल तोंडानं: धा गे ना ती, न क धी न. लय अगदी संथ. पोरं पळतात, आईबाप कौतुक करायला लागले की जास्तच पळतात.

शहापूर_पेटीक्लास:
अंगठ्याचं मान्य. म्हणून काळ्यांवर मी दोनच बोटं वापरू देते, तेही थोडे दिवस. मग पांढरी एक. सा अंगठा, रे तर्जनी, ग मधलं बोट, आणि "म"ला अंगठा खालून आत घ्यायचा. प तर्जनी, ध मधलं, नी अनामिका, वरचा सां करंगळी. "म"ला कोपर उचललं की समजा अंगठा उशिरा निघाला.

भजनी_खानापूर:
ताई, डाव्या हातानं बघितलं करून. गजराची दुसरी ओळ येईपर्यंत घाम फुटला! घरातली हसायला लागली. पण कुठं अडतो ते कळलं, मध्यमावरून पुढं जाताना. आणि काळी पाच पण वाजवली. इतकी वर्षं पेटीवर बसतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी दोन गोष्टी. कन्नड शाळेतल्या पोरांचं कसं करू? आणि परीक्षेला बसवा म्हणून एका घरातून आत्तापासून मागं लागलेत.

शहापूर_पेटीक्लास:
सारेगम सगळ्यांचं एकच आहे. "इन्नोम्मे" (पुन्हा एकदा), "मेल्लगे" (हळू) एवढं तुम्हाला येतच असेल, बाकी पोरं एकमेकांना सांगतात. गाणी मात्र दोन्हीकडची घ्या. एक अभंग, एक दासरपद (कन्नड हरिदासांचं भक्तिपद). पेटीवादक रामभाऊ विजापुरे मास्तर आपल्याच जिल्ह्यातले, कागवाडचे. २०१० साली गेले. त्यांच्या हाताखाली मराठी आणि कन्नड दोन्ही घरातली माणसं शिकली. आपल्याकडं हे नवीन नाही.

परीक्षेचं वर्षभर नाव काढू देऊ नका. पुढं गांधर्व महाविद्यालय मंडळाची पहिली परीक्षा, प्रारंभिक, देता येईल, तिला लेखी पेपर नसतो, पोरं घाबरत नाहीत. आरतीचं म्हणाल तर या गणपतीला पोरांनी टाळ धरून गावी, पेटी तुम्हीच वाजवा.

आणि कुणी घरच्यासाठी जुनी पेटी घ्यायला निघालं तर सोबत जा. भाता पूर्ण भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही, आणि बघायचं. लगेच बसला तर वारा कुठून तरी जातोय, ती पेटी नको. तुमच्याकडच्या पावसात पट्ट्या फुगून अडकतात, त्याचंही बघून घ्या.