मदत हवी आहे: होमस्टेचा एक स्टारवाला रिव्ह्यू काढायचा कसा? (अर्जंट)

माळावरचा
वेरूळजवळ आमच्या शेतात तीन खोल्यांचा होमस्टे आहे. दीड वर्ष झालं, सगळं सुरळीत चाललं होतं. परवा एका पाहुण्यानं एक स्टार ठोकला अन् रेटिंग ४.७ चं ४.४ झालं. तेव्हापासून एक बुकिंग नाही. कस्टमर केअरला तीनदा फोन लावला, तेच तेच बोलायलेत. खोटा रिव्ह्यू काढून टाकायची नेमकी पद्धत कुणाला माहीत असंल तर सांगा. उपदेश नको, पद्धत सांगा. पुढं सलग सुट्ट्या यायल्यात.

गोदाकाठ
ॲप कोणतं? आणि रिव्ह्यूत लिहिलंय काय? दोन्ही सांगितलं नाहीस तर पद्धत कशाची सांगणार?

नांदेडी
सोपं आहे भाऊ. धा-पंधरा मित्रांना पाच पाच स्टार टाकायला लाव. आमच्या चुलतभावानं हाटेलीचं असंच केलतं गूगलवर.

गोदाकाठ
नांदेडी, बुकिंगच्या ॲपवर मुक्काम केल्याशिवाय रिव्ह्यूच टाकता येत नाही. अन् मित्रांची खोटी बुकिंग दाखवली तर खातंच जाईल. उगं काहीही सांगू नका.

हिशेबनीस
एका स्टारनं ४.७ चं ४.४ होतं म्हणजे तुमचे आधीचे रिव्ह्यू जेमतेम अकरा. दीड वर्षात अकराच? परत ४.७ दिसायला अजून आठ-नऊ पाहुण्यांनी पाचाचे पाच द्यायला हवेत. काढण्यापेक्षा ते जमवा.

माळावरचा
अकराच होते, बरोबर. बाकीचे पाहुणे फोनवरून डायरेक्ट येतात, ॲपला कमिशन कशाला द्यायचं? ॲप एअरबीएनबी आहे. रिव्ह्यूत तीन गोष्टी लिहिल्यात: लेणी बंद होती, सकाळी पाणी नव्हतं, जास्तीचे पैसे घेतले. आता लेणी काय मी बंद केली का?

कासवगती
पाहुणे कोणत्या वारी आले होते?

माळावरचा
सोमवारी रात्री आले. मंगळवारी दुपारी गेले.

कासवगती
अहो, वेरूळ मंगळवारी बंद असतं! तुम्ही शेजारी राहता आणि त्यांना सांगितलं नाही?

माळावरचा
हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. आमच्या इकडं लहान लेकरू सांगंल.

कासवगती
तुमच्याकडचं लेकरू सांगेल. पुण्याहून आईवडिलांना घेऊन सहा तास गाडी चालवत येणारा कसा सांगेल? मी स्वतः त्या बंद गेटसमोर उभा राहिलोय, म्हणून बोलतोय. वडिलांनी पायऱ्या चढायच्या म्हणून गुडघ्याला पट्टा बांधला होता. कैलास लेणं लांबूनसुद्धा दिसलं नाही. घरमालकाला विचारलं तर म्हणाला, 'मला वाटलं तुम्हाला माहीत असंल.' त्याला मी दोन स्टार दिले, ते माझ्या चांगुलपणामुळे.

तिरसट तात्या
वेरूळ सोमवारी बंद असतं. मंगळवारी अजिंठा.

नांदेडी
तात्या, उलटं सांगायलात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

तिरसट तात्या
मी १९८३ साली, युनेस्कोच्या यादीत दोन्ही लेणी गेली त्या वर्षी सहलीला गेलो होतो. तेव्हा मंगळवारीच पाहिली होती.

नांदेडी
तेव्हाचं तेव्हा. आत्ता गेटवर पाटी आहे, जाऊन वाचा.

सीताफळ
दोघं थांबा जरा. माळावरचा दादा, मंगळवारचा दिवस काही वाया जात नाही. घृष्णेश्वर उघडं असतं (गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, हेही आधीच सांगत जा, नाहीतर काही जण ओशाळतात). खुलताबादला भद्रा मारुती चार-पाच किलोमीटरवर, झोपलेला मारुती आहे म्हटलं की लेकरं लगेच तयार होतात. देवगिरी किल्ला आहे, पण आजी-आजोबा असतील तर अंधारीपाशी (तिथल्या काळोख्या भुयारी वाटेपाशी) नेऊ नका. तरुण मंडळी असतील तर मंगळवारी अजिंठा करून येऊ शकतात, शंभर किलोमीटर आहे, पहाटे निघायला लागतं. मी हे सगळं एका कागदावर लिहून खोलीतल्या आरशाला चिकटवलंय. आणि बुकिंग आलं की वार बघून त्याच दिवशी मेसेज टाकते.

दुधडेअरीवाला
जेवणात काय देता? आम्ही मागं वेरूळला राहिलो तर पनीर खाऊ घातलं. शेतात राहून पनीर! बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी द्या. हिवाळ्यात हुरडा ठेवा. रेटिंग आपोआप वाढतं.

माळावरचा
जेवणाची कुणाची तक्रार नाही. मुद्द्यावर या. रिव्ह्यू काढता येतो का नाही?

गोदाकाठ
मी पैठणला दोन खोल्या चालवतो, तिसरं वर्ष. 'मला पटला नाही' म्हणून रिव्ह्यू निघत नाही. मुक्कामाशी संबंध नसलेलं काही लिहिलं असेल, किंवा 'पैसे परत द्या नाहीतर वाईट लिहीन' अशी धमकी दिली असेल, तरच तक्रार चालते. तुझ्या रिव्ह्यूतल्या तिन्ही गोष्टी मुक्कामाच्याच आहेत. त्याखाली जाहीर उत्तर मात्र लिहिता येतं, त्याला ३० दिवस मिळतात.

माळावरचा
धमकी दिलीच होती की! जाताना म्हणाला, निम्मे पैसे द्या, नाहीतर बघा काय लिहितो.

गोदाकाठ
हे ॲपच्या मेसेजमध्ये आहे?

माळावरचा
नाही. अंगणात, गाडीत बॅगा ठेवताना म्हणाला. माझा गडी होता तिथं, साक्षीला.

गोदाकाठ
गड्याची साक्ष ॲपवाले कुठून घेणार बाबा? लेखी नसेल तर पाहुणा काही बोललाच नाही असं धरतात. आमचं पहिल्या वर्षी असंच झालं. तेव्हापासून फोनवर काही ठरलं की मी लगेच ॲपमध्ये टाकतो, 'आत्ता बोलणं झाल्याप्रमाणे' म्हणून.

हिशेबनीस
जास्तीच्या पैशाचं काय? ते अजून सांगितलं नाही.

माळावरचा
बुकिंग पाच जणांचं होतं, आले आठ. तिघांचे पाचशेप्रमाणे दीड हजार रोख घेतले. गाद्या टाकून दिल्या, चहा दिला. यात माझं काय चुकलं?

हिशेबनीस
तिघं जास्त आले ही चूक त्यांची. पण रोख घेतले ही तुमची. ॲपवरच्या बुकिंगचे पैसे ॲपबाहेर घेणं त्यांच्या नियमात बसत नाही. उद्या तुम्ही तक्रार केली आणि पाहुण्यानं तेवढंच सांगितलं, तर तुमचीच गचांडी धरली जाईल. माणसं वाढली की ॲपमधूनच बुकिंगमध्ये बदल पाठवायचा, त्यांनी मान्य केला की चावी द्यायची.

तिरसट तात्या
जीएसटी नंबर काढला का? तो आधी काढा.

हिशेबनीस
तात्या, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नंबर लागत नाही, ॲपवरच्या बुकिंगचा जीएसटी ॲपच पाहुण्याकडून घेऊन भरतं. तीन खोल्यांत यांचे कुठले वीस लाख व्हायलेत? आणि हे कुणी विचारलं होतं?

सीताफळ
आणि पाण्याचं? मला तर पाणी हाच खरा मुद्दा वाटतो. लेणी बंद असली तर माणूस चिडतो, पण सकाळी संडासात पाणी नसलं तर कायमचा लक्षात ठेवतो.

माळावरचा
टाकी हजार लिटरची आहे. पाच जणांना बक्कळ होते. आठ जणांनी रात्रीच संपवली. पहाटे मोटर लावावी म्हटलं तर लाइट नाही. त्या आठवड्यात थ्री फेज (मोटरीची वीज) रात्रीच्या पाळीला होती, अन् नेमकी ती पहाटे साडेपाचला गेलती. मग गड्यानं हौदातून बादल्या भरून दिल्या, ते रिव्ह्यूत कुठं लिहिलं त्यानं? 'बादलीनं अंघोळ' एवढंच लिहिलं.

नांदेडी
थांबा. थ्री फेज आठवड्याची पाळी म्हणजे शेतीची जोडणी. होमस्टेचं पाणी शेतीपंपावर चालवायलात?

माळावरचा
खोल्यांचे दिवे घरच्या मीटरवर आहेत. फक्त पाणी विहिरीवरच्या मोटरनं चढवतो. आणि मागच्या खोलीचा गिझर तेवढा तिकडून घेतलाय.

नांदेडी
गिझर!! दादा, हे आधी काढा. मी लाइनमनचा पोरगा आहे, घरी जेवताना हेच ऐकत मोठा झालो. वीज कायदा २००३, कलम १२६. ज्या कामाला जोडणी दिली ते सोडून दुसऱ्याला वापरली की त्या वापराला जो दर लागतो त्याच्या दुप्पट आकारणी. कधीपासून वापरली ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. एका स्टारचं काय घेऊन बसलात.

माळावरचा
गावात सगळेच करतात.

नांदेडी
गावातल्या सगळ्यांचा पत्ता ॲपवर फोटोसकट टाकलेला नाही.

सीताफळ
उन्हाळ्यात विहीर आटली की टँकर लागेलच. आत्ताच दोन हजार लिटरची दुसरी टाकी वर बसवा. मी टाकीच्या पाइपाला वॉल्व्ह लावून खालचं निम्मं पाणी राखून ठेवते, सकाळी सहाला उघडते. पाहुण्यांना कळतही नाही.

दुधडेअरीवाला
महाशिवरात्रीला खोली मिळंल का? घृष्णेश्वरला यायचंय. चार माणसं.

माळावरचा
दुधडेअरीवाले, व्यनि (खासगी मेसेज) करा. बाकी सगळ्यांना सांगायलो, मी काही येडा नाही. मागच्या महिन्यात दोन कोरियन पोरी तीन दिवस राहून गेल्या, पाच स्टार देऊन. त्यांना बादलीचं काही वाटलं नाही.

सीताफळ
त्यांचा फॉर्म सी भरला होता का?

माळावरचा
तो काय असतो? पासपोर्टचे फोटो काढून ठेवलेत मोबाइलमध्ये.

सीताफळ
अरे देवा. दादा, परदेशी पाहुणा राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. तोच फॉर्म सी, २०२५ च्या नव्या नियमांत त्याला फॉर्म ३ म्हणतात. हॉटेल असो, होमस्टे असो, घरची एक खोली असो, सुटका नाही. आधी सरकारच्या वेबसाइटवर आपल्या जागेची नोंदणी करून लॉगिन घ्यावं लागतं. फोटो काढून ठेवणं म्हणजे कळवणं नव्हे. आमच्याकडं एक बेल्जियमचं जोडपं रात्री अकराला आलं होतं, मी तशीच जागी राहून भरला, नेट जात होतं म्हणून गच्चीवर उभी राहून.

गोदाकाठ
रिव्ह्यूचं सोड आता. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःहून सांग, 'माहीत नव्हतं, आता काय करू'. तिथून काय ते कळेल. फोनवरून येणाऱ्या पाहुण्यांचं रजिस्टर तरी आहे का?

माळावरचा
वही आहे. नाव अन् मोबाइल नंबर असतो. आधार कधी घेतो, कधी राहून जातं. ओळखीतून आलेल्याला कसं मागायचं?

हिशेबनीस
ओळखीतल्यालाच आधी मागायचं. अनोळखी माणूस स्वतःहून देतो.

तिरसट तात्या
आमच्या काळी पाहुण्याला आधार विचारत नव्हते.

नांदेडी
तुमच्या काळी पाहुण्याकडून पैसेपण घेत नव्हते तात्या.

माळावरचा
बरं. आज दिवसभरात केलं ते सांगतो. गिझरची वायर काढली. लॉगिनसाठी अर्ज टाकला, ठाण्यात उद्या जातो. दीड हजार त्या पाहुण्याला परत पाठवावे का, यावर घरात भांडण चालू आहे, बायको म्हणते पाठवा, बाबा म्हणतात गाद्या काय फुकट होत्या का. रिव्ह्यूखाली उत्तर लिहिलं, जमलं का बघा:

'मंगळवारी वेरूळ लेणी बंद असतात हे आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आई-बाबांना त्रास झाला, माफ करा. पाण्यासाठी दुसरी टाकी बसवत आहोत. पुन्हा आलात तर लेणी दाखवायला मी स्वतः सोबत येईन.'

कासवगती
चांगलं आहे. 'पण तुम्ही आठ जण आला होतात' हे लिहिलं नाही ते फार बरं केलं.

माळावरचा
लिहिलं होतं. बायकोनं खोडलं.

सीताफळ
वहिनींनाच ॲप सांभाळायला द्या.

माळावरचा
तेच चाललंय. आत्ता एक बुकिंग आलं, देवाची कृपा. चार जण, नाशिकचे. रविवारी वेरूळ बघून मुक्काम, सोमवारी पहाटे गाडी करून अजिंठा. जेवण पण सांगितलंय.

नांदेडी
सोमवारी अजिंठा??

माळावरचा
अरे हो. फोन लावायलो त्यांना.

गोदाकाठ
फोन नको. मेसेज. ॲपमधून.