टुकचा रस्ता: बर्फावरची वाटच बरी होती का?

वाटसरू: कॅनडाच्या पार उत्तरेला इनुविक ते टुक्टोयाक्टुक (थोडक्यात टुक) हा सुमारे १३८ किमीचा खडीचा रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. खर्च अंदाजे ३० कोटी कॅनडियन डॉलर. त्याआधी हिवाळ्यात मॅकेंझी नदी आणि समुद्र गोठला की त्यावरून १८७ किमीची वाट आखायचे. वसंतात ती वितळून जायची, मागे काही उरायचं नाही. माझ्या मते जेमतेम नऊशे वस्तीच्या गावासाठी इथे बारमाही रस्ता करायलाच नको होता. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेली ही माती, तिच्या पोटात बर्फाचे थर आहेत. ते वितळले की जमीन खचणारच.

एडमंटनकर: नऊशे असले म्हणून काय झालं? बर्फाची वाट हिवाळ्यापुरती, बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, उन्हाळ्यापुरती. मधल्या दिवसांत ताजी भाजी आणि आजारी माणूस, दोन्ही विमानानेच. तिथल्या इनुविआलुइट लोकांनी हा रस्ता कित्येक दशकं मागितला. त्यांच्या गरजेचा हिशेब आपण डोकी मोजून करायचा?

मुरूमखडी: सगळा दोष मातीला देऊ नका. १९४२ मध्ये अलास्का हायवे करताना बुलडोझरने वरचं शेवाळ खरवडून काढलं आणि खालची गोठलेली जमीन चिखल झाली. शेवाळ हे जमिनीचं पांघरूण आहे, हे तेव्हा कळलं. टुकच्या रस्त्याला म्हणून खोदाईच केली नाही. काम हिवाळ्यात, जिओटेक्स्टाइल, म्हणजे मजबूत कृत्रिम कापड, अंथरून त्यावर नुसता भराव.

वाटसरू: भरावानेच तर घोळ होतो! वाऱ्याने बर्फ भरावाच्या पायथ्याशी साचतो, त्या दुलईखाली हिवाळ्याची थंडी जमिनीत उतरत नाही. उन्हाळ्यात तिथेच पाण्याची डबकी. कडा खचतात, मोऱ्या वाकतात. शिवाय हिवाळ्यात टाकलेला भराव स्वतःच गोठलेला असतो, तो वितळला की बसतो.

मुरूमखडी: हे मान्य. त्यात बारीक गाळाची माती सगळ्यात वाईट. पाणी गोठून फुगतं ते साधारण ९ टक्के, पण ही माती खालचं पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढत राहते, बर्फाच्या चकत्या जाड होत जातात आणि रस्ता वर उचलला जातो. उपाय एकच, दरवर्षी खडी, मोऱ्यांची साफसफाई, आणि त्यासाठी राखून ठेवलेला पैसा. तो नसेल तर वाटसरूंचं म्हणणं खरं ठरेल.

रानवारा: एक गोष्ट कुणीच काढली नाही. टुकचा किनाराच समुद्र खातोय, काठावरची काही घरं आत हलवावी लागली. जे गाव उद्या जागेवर राहील की नाही कळत नाही, तिथवर रस्ता?

एडमंटनकर: मग तर हवाच. घरं हलवायची वेळ त्या मधल्या दिवसांत आली, तर लाकूड, यंत्रं, माणसं कुठून न्यायची? अर्धवट वितळलेल्या नदीवरून?