तोडणीच्या दिवसांत घरातलं कोण कुठं असतं? तुमचे अनुभव लिहा

कोल्हापूर म्हटलं की ऊस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण याच जिल्ह्यात आजरा-चंदगडच्या माळावर काजू आहे, पन्हाळा-शाहूवाडीकडं आंबा-फणस आहे, नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, केळी आहे. उसाला टोळी येते, तोडते, भरते आणि जाते. फळाची तोड मात्र बहुतेक घरची माणसंच करतात.

आमच्या आबांची एक वही होती. व्यापाऱ्याकडनं पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की ते त्यात सगळं लिहायचे: खत, औषध, पगारी बायका, टेम्पोभाडं, अडत, हमाली, तोलाई. आईचं, वहिनीचं, आम्हा भावंडांचं नाव त्या खर्चात कधीच आलं नाही. आबांच्या मनात वाईट काही नव्हतं. घरच्या माणसाचा दिवस मोजायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही सुचलं नाही. ते गेल्यावर वही चाळताना मला हे टोचलं. म्हणून विचारतोय. भाव किती मिळाला ते नंतर सांगा. आधी कोण काय करत होतं ते लिहा.

मीच सुरुवात करतो.

1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. त्यानंतर दोन वर्षांनी आबांनी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या पडक माळावर हापूसची चाळीस कलमं लावली. कोकणापेक्षा आमचा आंबा उशिरा, त्यामुळं सगळा मे महिना तोडणीत जायचा. उजाडायच्या आत रानात. ऊन चढायच्या आत तोड संपली पाहिजे, आणि काढलेला आंबा क्षणभरही तापल्या जमिनीवर ठेवायचा नाही, नाहीतर आत साका धरतो, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा होतो, हा आबांचा दंडक. झेला, म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी, थोरल्या भावाच्या हातात. देठ बोटाच्या पेराएवढा ठेवून कापायचा. देठ उखडला तर चीक सालीवर ओघळतो आणि पिकल्यावर तिथं काळा डाग पडतो. चौदा आण्याचा, म्हणजे तोडण्याजोगा, आंबा कुठला आणि अजून कोवळा कुठला, हे आबा खालनं सांगायचे.

इथवरचं काम सगळ्यांना दिसायचं. पुढचं आईचं होतं आणि ते घरात, अंधाऱ्या खोलीत चालायचं. आंबा पिकवायला भाताचं पिंजर अंथरून आढी घालायची, एका थराआड पिंजर. दोन-तीन दिवसांनी सगळी आढी हातानं उचकटायची, नासका आंबा बाहेर काढायचा, परत लावायची. चाळीस झाडांचा आंबा, म्हणजे एक आढी संपेस्तोवर दुसरी तयार. दारात उभं राहून नुसत्या वासावर ती सांगायची, "भिंतीकडचा लागला बघ." एकदा एका व्यापाऱ्यानं लवकर पिकवायला कार्बाइडच्या पुड्या आणून दिल्या. आईनं त्या हातात घेतल्या नाहीत. "माझी नातवंडं खात्यात ह्यातला," एवढंच म्हणाली. तो परत आमच्याकडं आला नाही, आणि त्या साली आंबा आम्हीच क्रेटात भरून शहरात दारोदार विकला. गिऱ्हाईकं अजून तीच आहेत. आईचा तो महिना मात्र वहीत कुठंच नाही.

*

आजऱ्याहून लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा मला काजू म्हणजे दुकानातला पांढरा गर एवढंच माहीत होतं. आमच्यात वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 अशी दोन्ही कलमं आहेत. चारचं बोंड लाल, सातचं पिवळं आणि बी टपोरी. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतं ते मे संपेपर्यंत. काजू झाडावरनं ओरबाडायचा नसतो. बोंड पिकून आपणहून खाली पडतं, त्याची बी भरलेली असते. म्हणून रोज वेचायचं, एक दिवस चुकवून चालत नाही. माकडं, गवे आणि चोर, तिघांच्या आधी पोचावं लागतं.

थोरल्या जाऊबाई पहाटे दारात हाक मारायच्या, "तू हो पुढं, मी आलो मागनं." बुट्टी कमरेला, वाकून पालापाचोळ्यातनं बोंडं गोळा करायची, पिळून बी वेगळी करायची. दहा वाजेपर्यंत पाठ ताठ होत नसे. मग घरी येऊन स्वयंपाक, आणि दुपारी वेचलेली बी माडीवर पसरायची. दोन-तीन उन्हं द्यावी लागतात. मूठभर उचलून कानाशी हलवली की खुळखुळली पाहिजे, हे सासूबाईंनी शिकवलं.

ओल्या काजूचं काम याहून वाईट. भाजीसाठी ओला गर लागतो, तो शेकड्यावर विकतात आणि पैसे रोख मिळतात, म्हणून घरात सगळ्यांना तो हवा असतो. विळीवर बी उभी चिरायची. सालीतलं तेल बोटांना लागलं की कातडी जळते. खोबरेल लावा, राख लावा, तरी आठ दिवसांत तळव्याची सालं निघतात. वैशाखात माहेरी चुलतबहिणीचं लग्न होतं. मेंदी लावायला बाई बसली होती, तिनं माझे हात बघितले आणि काही न बोलता बाजूला ठेवले. मी लग्नभर हात पदरात घेऊन बसले. आता हातमोजे मिळतात, मी घालते, सुनेलाही घालायला लावते. तेव्हा कुणी आणून दिले असते तर बरं झालं असतं.

एक चांगली गोष्टही लिहिते. बांधावरच्या दोन जुन्या गावठी झाडांची बी बायकांची, असा आमच्या घरी रिवाज होता. सासूबाई ती वेगळ्या डब्यात ठेवायच्या. त्यातनं चहापूड यायची, मुलांच्या वह्या यायच्या, आणि कुणाला हिशेब द्यावा लागायचा नाही.

*

आजऱ्याच्या ताईंना एक विचारायचं आहे. तुम्ही बोंडांचं काय करता? आमच्या भुदरगडात झाडाखाली नुसता खच पडतो. गोव्यात त्याची फेणी होते. आम्ही मीठ लावून चार खातो, थोडी गुरांना घालतो, बाकीची कुजतात. इतकं फळ डोळ्यांदेखत मातीत जातं याचं दरवर्षी वाईट वाटतं.

*

माझा जन्म मुंबईचा, गाव चंदगड तालुक्यातलं. मे महिन्यात गावची यात्रा असायची, त्याला आम्ही सगळे जायचो. मोठा झाल्यावर कळलं की यात्रा दोन दिवसांची आणि आमचा मुक्काम महिन्याचा, कारण काकांना वेचायला माणसं हवी असायची. बाबा गिरणीतनं रजा टाकून जायचे आणि रजेत जास्त राबायचे. परतताना काकू सुक्या काजूची पिशवी द्यायच्या. बाबा ती नको म्हणायचे आणि त्या दोघांचं एस.टी.च्या दारापर्यंत चालायचं.

*

शिरोळ तालुका, कृष्णेकाठ. आमची तीस गुंठे केळ होती, जी-नाइन जातीची. लावल्यापासून अकरा-बारा महिन्यांनी घड कापायला येतो. 2019 ला गणपती 2 सप्टेंबरला बसणार होते, त्या हिशेबानं आम्ही लागण केली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घड भरत आले होते, व्यापारी रान बघून गेला होता.

मग पाणी आलं. पहिल्या दिवशी बांधाला, दुसऱ्या दिवशी बुंध्याला. दादा म्हणाला, कच्चा का असंना, कापू. पण कापून नेणार कुठं? पुणे-बंगळूर महामार्गच बंद होता. आधी जनावरं हलवली, मग म्हातारी माणसं, मग आम्ही. बागेकडं बघायला कुणी थांबलं नाही.

पाणी उतरल्यावर गेलो. झाडं उभी होती, हे मला अजून आठवतं, वाटलं वाचली. चार दिवसांत पानं पिवळी पडली, मुळं कुजली होती, हात लावला की झाड आडवं. घड तसेच हिरवे, गाळानं माखलेले. पंचनाम्याला माणसं आली, क्षेत्र लिहून नेलं. त्यानंतर ते तीस गुंठे मोकळे करायला घरच्या पाच जणांना तीन आठवडे लागले. बुंधे चिखलातनं ओढायचे, बांधावर टाकायचे, वास असा की जेवण जायचं नाही. वहिनीला सहावा महिना होता, तीही यायची, नको म्हटलं तरी. ही तोडणीच म्हणायची, पण हिचा एक रुपया आला नाही आणि हिचे दिवस कुठल्या कागदावर नाहीत. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं. आता आम्ही मळीत केळ लावत नाही, वरच्या रानात लावतो.

*

चंदगड. आमच्याकडं रात्रीचंही काम असतं. 2002 पासून कर्नाटकातले हत्ती दोडामार्ग-चंदगडच्या बाजूला यायला लागले. पिकल्या फणसाचा वास त्यांना फार लांबनं लागतो. वडील आणि चुलते फणसाच्या दिवसांत पाळीनं जागायचे. आता आम्ही घराजवळच्या झाडांचे फणस पिकायच्या आतच उतरवतो, भाजीला विकतो. बरक्या, म्हणजे मऊ गऱ्याच्या, फणसाची साठं (रस वाळवून केलेल्या पोळ्या) आई घालायची, ती त्यामुळं बंद झाली. एका रात्री हत्तीनं केळी मोडल्या, पाण्याची पाइप तुडवली. सकाळी आजीनं त्याच्या पावलाच्या ठशावर हळदकुंकू वाहिलं आणि मग त्याच ठशाच्या बाजूला बसून मोडलेल्या केळीतलं जे उरलं ते निवडलं.

*

पन्हाळ्याच्या दादांनी वहीचं लिहिलं म्हणून सांगतो. आमच्यात माणसं कमी, म्हणून पैरा चालायचा. आज आमची तोड, उद्या शेजाऱ्यांची. पैऱ्यात मात्र कुणाचे किती दिवस फिरायचे राहिले ते तोंडपाठ असायचं, अर्धा दिवससुद्धा. म्हणजे शेजारच्या काकूंचा दिवस मोजला जायचा, घरच्या आईचा नाही. हे आज लिहिताना लक्षात आलं.

*

गडहिंग्लजजवळ आमची काजूची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी मी कॉलेजला होते, प्रोजेक्टसाठी बागेचा खर्च काढायचा होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईच्या प्रत्येक दिवसाला पेन्सिलीनं खूण केली. वेचणी, वाळवण, निवडणं. मे अखेर मोजलं तर चौऱ्याहत्तर दिवस झाले. गावात बायकांचा जो रोज चालतो तो लावला आणि खर्चात मांडला. नफा निम्म्यावर आला. मला भीती होती की तात्या चिडतील. त्यांनी चष्मा लावून कागद नीट वाचला, कॅलेंडर खाली काढून खुणा परत मोजल्या. मग मला म्हणाले, "आणि पाटंचं उठून सगळ्यांच्या भाकरी थापती, ते कुठं धरलंस?"