मदत हवी: हिवाळ्याच्या अंदाजावर संत्र्याचा ताण ठरवावा का?

नमस्कार मंडळी. आमचं वावर वरुडच्या बाजूला. संत्र्याचा बगीचा, बाकी तूर अन् थोडी पराटी. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) धरायचा म्हणजे डिसेंबरात पाणी तोडायचं, म्हणजे झाडाला ताण द्यायचा, अन् जानेवारीच्या मध्यात ओलीत सुरू करायचं. मधातच जोराचा पाऊस आला की ताण तुटतो, अन् फुलाऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी फुटते.

सध्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. यंदा ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं ती स्थिती), हाडं गोठवणारी थंडी, डिसेंबरात दोन मोठी वादळं, अन् गारपिटीची तर तारीखसुद्धा! अजून ऑक्टोबर सरायचा आहे. काका म्हणतात आंबिया सोड, मृग (जून-जुलैतला बहार) धर. मला ते पटत नाही, पण 2023 च्या डिसेंबरात मिचौंग वादळ तिकडे आंध्रात धडकलं अन् पाऊस आपल्या पूर्व विदर्भात आला, हेही खोटं नाही. तर इतक्या आधी तारीख सांगता येते का? नसेल तर किती दिवस आधीच्या अंदाजावर भरवसा ठेवायचा?

धुऱ्यावरून:
तारीख सांगणाऱ्याला आधी ब्लॉक करा, भाऊ. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा हंगामच असतो, त्यामुळे "डिसेंबरात वादळ येईल" म्हणायला हवामानशास्त्र लागत नाही. कमी दाबाचा पट्टा तयार झाल्यावर चार-पाच दिवस आधी वाटेचा बऱ्यापैकी अंदाज येतो. त्याआधी मिळते ती नुसती शक्यता.

गारपिटीचं गणित निराळं. उत्तरेतून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवेची प्रणाली सरकते, वर थंड हवा, खाली उपसागराकडून ओलसर वारा, अन् दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चात. 2014 आणि 2018 आठवा. एक-दोन दिवस आधी पिवळा किंवा नारिंगी इशारा मिळतो, पण गार नेमकी कोणत्या शिवारात पडणार हे रडारवर ढग दिसल्यावरच, म्हणजे दोन-तीन तास आधी.

ला निनाने थंडीची शक्यता वाढते, एवढंच. हवामान खात्याचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज नोव्हेंबरअखेर येतो, त्यात तापमान सरासरीच्या वर की खाली एवढा कल कळतो. त्यावरून पाणी तोडायचा दिवस ठरवू नका. दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज निघतो, तो बघा. मंगळवारी अन् शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, कामं त्यावर लावा. विजेसाठी फोनवर दामिनी ॲप ठेवा.

संत्रावाला:
आंबिया सोडू नका राजेहो. बगीच्यात चर आत्ताच मोकळे करा, पाणी साचलं तर ताण जास्त बिघडतो. भारी जमीन असेल तर ताण बसायला दिवसही जास्त लागतात, तो हिशेब धरा. ताणात पाऊस झालाच तर क्लोरमेक्वाटची (झाडाची वाढ रोखणारं औषध) फवारणी करतात, प्रमाण मात्र कृषी विज्ञान केंद्रात विचारून. अन् तुरीकडे बघा. आभाळ राहिलं की फुलोऱ्यात अळी येते, वादळाची वाट बघत नाही ती.

मूळ धागाकर्ता:
आभारी आहे. काकांना गुरुवारचा अंदाज दाखवतो. जमीन आमची भारीच आहे, वरच्या तुकड्यात मुरमाड. दोन्हीकडे एकाच दिवशी पाणी तोडू की मुरमाडात नंतर?