शॅरन, केरन की खारोन? ग्रीक नावे देवनागरीत लिहिण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. शाळकरी मुलांच्या आकाशदर्शनासाठी मी एक मराठी पुस्तिका तयार करत आहे आणि ग्रीक पुराणांतली नावे कशी लिहावीत, या प्रश्नापाशी अडले आहे. तारकासमूहांची अडचण नाही, कारण देवयानी, शर्मिष्ठा, ययाती ही नावे आपल्याकडे रुळलेली आहेत. अडचण आहे ती उपग्रहांची.

प्लूटोचा सर्वांत मोठा उपग्रह जेम्स ख्रिस्ती यांना १९७८ मध्ये सापडला. पत्नी शार्लीन हिच्या लाडक्या नावावरून त्यांनी त्याचे ‘Charon’ हे नाव योजले, आणि ते मृतांना नदीपार नेणाऱ्या ग्रीक नावाड्याचेही नाव निघाले. त्यामुळे काही खगोलशास्त्रज्ञ शॅरन म्हणतात, तर काही इंग्रजी वळणाने केरन. मूळ ग्रीक नावाच्या आरंभी मात्र ‘खी’ हे अक्षर आहे आणि अभिजात काळात त्याचा उच्चार आपल्या ‘ख’सारखा महाप्राण होता, म्हणजे तो नावाडी खारोन ठरतो. मागच्या कार्यक्रमात सहावीतल्या एका मुलीने फलकावरची रोमन अक्षरे जुळवून मोठ्याने ‘चारोन’ असे वाचले, शेजारच्या मुलाने लगेच ‘शॅरन’ अशी दुरुस्ती केली आणि दोघांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मला ठाम उत्तर देता आले नाही.

प्राचीन ग्रीकमधले ख, थ, फ हे तिन्ही महाप्राण आणि दंत्य ‘त’ देवनागरीत जसेच्या तसे लिहिता येतात, मग गुरूच्या उपग्रहाचे इंग्रजीच्या वाटेने आलेले ‘कॅलिस्टो’ हे नाव सोडून ‘कल्लिस्तो’ का लिहू नये, असे मला मनापासून वाटते. गुरूच्या ‘आयो’चे मूळ रूप ‘ईओ’ आहे आणि तेही आपल्या तोंडात सहज बसते. पण हीच मुले उद्या इंग्रजी चित्रफितींत ‘आयो’ ऐकणार, म्हणून कथेत ग्रीक रूप आणि उपग्रहासाठी प्रचलित रूप, अशी विभागणी करण्याकडे माझा कल आहे. एकाच पानावर दोन रूपे आल्याने मुले गोंधळतील का, हे शिकवण्याचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे.

ग्रीक जाणणाऱ्यांना आणखी एक विचारायचे आहे. शनीच्या ‘टेथिस’ या उपग्रहाच्या मूळ नावातला दुसरा स्वर ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणावा तसा होता आणि त्यासाठी आपल्याकडे अक्षर नाही. तिथे ‘तेथुस’ लिहावे की ‘तेथिस’?