उंचावलेल्या पिकअपचे शॉकअॅब बदलले, तरी पुढून आवाज येतो

प्रश्न, सातारा
माझी इसुझू व्ही-क्रॉस आधीच्या मालकाने स्पेसर (जाड चकत्या) घालून दोन इंच उंच करून घेतली आहे. यवतेश्वर घाटातून कासकडे जाताना खड्ड्यात पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि टायर एका कडेने झिजला आहे. पुढचे दोन्ही शॉकअॅब नवे बसवूनही फरक पडलेला नाही. आता सगळेच भाग बदलावे लागतील का?

उत्तर, कराड
सगळे बदलू नका, आधी ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधा. जॅक चासीखाली न लावता चाक चासीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मखाली, त्याच्या चाकाकडच्या टोकाला असलेल्या बॉल जॉइंटच्या (गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्याच्या) जवळ लावा. चासी उचलली की आर्म पूर्ण लोंबतो, जॉइंट ताणून बसतो आणि ढिलाई लपते. मग चाक वरून व खालून धरून हलवा. चाक हलत असेल, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तेवढ्याने हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, नाही थांबले तर बॉल जॉइंटचा संशय घ्यावा. आडवे धरून हलल्यास टाय रॉडचे, म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे, टोक पाहा. माझा पहिला संशय वरच्या बॉल जॉइंटवर आहे, कारण गाडी उंचावल्यावर वरचा आर्म खाली झुकतो आणि तो जॉइंट कायम आपल्या हालचालीच्या टोकाशी काम करतो.

उत्तर, सातारा
आर्मचे बुश (चासीकडच्या टोकाचे रबरी सांधे) बदलणार असाल, तर माझी चूक करू नका. माझ्या गाडीचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळले गेले. तीन महिन्यांत बुश काढून पाहिले, तर आतल्या नळीभोवतीचे रबर गोलाकार फाटलेले होते. गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन पडल्यावरच शेवटचे आवळावे, म्हणजे रबर पिळलेल्या अवस्थेत अडकत नाही.

उत्तर, सांगली
मागचे पाटे उघडलेच, तर ते अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. काम झाल्यावर अलाइनमेंट करताना कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळते, त्याचा मागे झुकलेला कोन) तपासायला सांगा. उंचावलेल्या गाडीत तो कमी होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सहज सरळ येत नाही.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. दोष डाव्या बाजूच्या वरच्या बॉल जॉइंटचाच निघाला. त्याचे रबरी बूट (आवरण) फाटले होते आणि आत ग्रीसऐवजी जांभ्याचा लाल चिखल भरला होता. उजवा जॉइंटही थोडा ढिला असल्याने उंचावलेल्या गाडीसाठी बनवलेले वरचे दोन्ही आर्म मागवले आहेत.